पाठमोरं सूत

मित्रांनो, कोणी फार बोलायला लागलं की त्याची टकळी सुरू झाली, असं तुम्ही खुशाल म्हणता. माझ्या नावाची ही अशी बदनामी, आणि मी मात्र जन्मात एक शब्द बोललेली नाही. मी लोकर कातायची एक जुनी लाकडी टकळी आहे. वीतभर काडी, पायाशी गोल चकती आणि डोक्याला आकडा, एवढाच माझा थाट.

एका सुतारानं खुर्चीच्या मोडक्या पायातून मला घडवलं. पुढे मी माझ्या मालकिणीच्या हाती आले आणि माझं नशीब उघडलं. दुपारी कामं आटोपली की ती मागच्या खोलीत खिडकीशी बसायची. पिंजलेल्या लोकरीचा पुंजका एका हातात धरून दुसऱ्या हातानं मला गिरकी द्यायची. मग मी हवेत लटकून गरगर फिरायचे. खिडकी, पडदा, कपाट सगळं एकमेकांत विरघळून जायचं आणि त्या धूसर पुंजक्यातून सूत हळूहळू उतरत यायचं. ते दिवस आठवले की मला अजून गरगरल्यासारखं होतं.

माझ्या मालकिणीचं एक गुपित होतं. ती डावखुरी होती. लहानपणी त्या हातावर इतके फटके बसले होते, की चारचौघांत ती लिहायची, जेवायची, वाढायची ती उजव्यानंच. मला मात्र ती डाव्या हातानं फिरवायची. दाराशी पाऊल वाजलं की अंग चोरून खिडकीकडे तोंड करायची.

तिचा नवरा घड्याळजी. पुढच्या खोलीत त्याचं दुकान होतं. त्याच्यासाठी तिनं मफलर करायला घेतला. मफलरला दुपेडी धागा हवा होता, म्हणजे दोन सुतं एकत्र वळलेला. एक पेड कातून झाला, त्याचा गोळाही गुंडाळून झाला. दुसरा सुरू करण्याआधीच ती आजारी पडली आणि पुन्हा उठलीच नाही. तिची लेक तेव्हा पाळण्यात होती. मी आणि तो गोळा डांबरगोळ्यांच्या वासात खणात जाऊन पडलो. कोणी हात लावेना. रागानं नव्हे, मित्रांनो, मायेनंच. पण अंधार तो अंधारच.

लेक मोठी होऊन कॉलेजात गेली, तेव्हा कुठे खण उघडला. हातानं लोकर कातून तिची एक वस्तू करायची, असा तिला प्रकल्प मिळाला होता. तिनं ठरवलं, मफलर पुरा करायचा. पहिला पेड आईचा, दुसरा आपला. आईची आठवण म्हणावी तर तिच्याकडे तेवढा एक गोळाच होता.

ही पोरगी उघडउघड डावखुरी. पण सूत आईसारखंच व्हायला हवं, म्हणून तिनं बाबांना विचारलं. घड्याळजींनी डोळ्याचं भिंग न काढताच सांगितलं, की आई सगळं उजव्याच हातानं करायची. झालं! पोरीनं मला उजव्या हातात घेतलं. मला ओरडून सांगावंसं वाटलं, पण माझी टकळी चालते ती फक्त म्हणण्यापुरती.

डाव्या हाताचा पीळ एकीकडे झुकतो, उजव्या हाताचा दुसरीकडे. असे दोन धागे एकत्र वळले की एक उलगडून सुटतो आणि दुसऱ्याच्या गाठी होतात. तिचंही तसंच झालं. प्रत्येक खेपेला आईच्या धाग्याचा एक तुकडा वाया जायचा. गोळा लिंबाएवढा उरला, तेव्हा तिनं वळणं थांबवलं.

कॉलेजच्या बाईंनी ते तुकडे पाहिले. लोकर जुनी झाली असेल, आता दोन्ही पेड नव्या लोकरीचे कात, असं त्यांनी समजावलं.

"मग ते नुसतं माझंच होईल, बाई," ती म्हणाली.

घरी येऊन तिनं गोळा खणात परत ठेवला आणि खिडकीशी बसून राहिली. बसल्या बसल्या, कसलाही विचार न करता, तिनं मला उचललं. डाव्या हातानं. मी फिरले. खिडकी विरघळली, पडदा विरघळला, आणि क्षणभर मला कळेना की हा हात कोणाचा. सूत उतरत राहिलं. मग ती एकदम थांबली. खणातून गोळा काढून तिनं दोन्ही धागे शेजारी धरले. पीळ एकाच बाजूला झुकत होता. वळून पाहिले तर दोघे एकमेकांना धरून राहिले.

ती तशीच मला घेऊन दुकानात गेली.

"बाबा, आई डावखुरी होती."

"नाही गं. मी काय पाहिलं नाही का तिला?"

"कातताना पाहिलंत?"

घड्याळजींनी भिंग काढून ठेवलं. समोर एवढी घड्याळं चालू होती, पण तो माणूस थांबला होता.

"पाठमोरी बसायची," ते म्हणाले. "मला वाटायचं, उजेडासाठी बसते."

पोरीनं दोन्ही धागे त्यांच्या हातात दिले. त्यांनी ते भिंगाखाली धरले आणि पीळ पाहिला. त्यांचे डोळे भरून आले, ते त्यांनी लपवले नाहीत. मग त्यांनी गिऱ्हाइकाची खुर्ची आपल्यासमोर ओढली.

"कात बघू," ते म्हणाले. "माझ्याकडे तोंड करून कात."

मफलर आखूडच झाला, गळ्याला जेमतेम एक वेढा बसतो. कॉलेजात त्याचं कौतुक झालं, तेही बेताचंच. मी आता दुकानात खिळ्याला असते, रोज हातात येते आणि मजेत आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तू नुसत्या जपून ठेवू नका, त्या वापरा. हातात घेतल्याशिवाय आम्हाला काही सांगता येत नाही. आणि घरातलं कोणी तुमच्याकडे पाठ करून बसत असेल, तर ते उजेडासाठीच, असं धरून चालू नका. समोर जाऊन बसा. माझ्या मालकिणीसमोर कोणी बसलं नाही.