चालक म्हणून सुचिता

मेडशीपासून चार किलोमीटर आत असलेल्या त्या गावात ड्रोन आला, तेव्हा त्याची मिरवणूक निघाली होती. ट्रॉलीत मधोमध ड्रोन, त्याच्या गळ्यात झेंडूचा हार, आणि भोवती गावातले झाडून सगळे मानकरी. ज्या बचत गटाला सरकारनं औषध फवारायचा तो ड्रोन दिला होता, त्या गटाच्या बाया ट्रॉलीमागून धूळ खात चालत होत्या. आणि ज्या सुचितानं नागपूरला पंधरा दिवस राहून, परीक्षा देऊन, तो उडवायचा परवाना मिळवला होता, ती घरी पुऱ्या तळत होती. मिरवणूक संपल्यावर मानकऱ्यांना भूक लागणार होती ना.

एवढ्यावरूनच पुढचं सगळं ओळखायला हवं होतं. सुचिताला ते ओळखता आलं नाही. ती पुऱ्या तळता तळता मनात वाऱ्याचा वेग, उडवायची उंची आणि बॅटरीची मिनिटं घोकत होती.

सुचिता शालिकरामजींच्या घरची थोरली सून, बी.ए. झालेली. नवरा ऋषिकेश मालेगावात बी-बियाण्यांच्या दुकानात कामाला. धाकटा दीर हरीओम मात्र कुठंच कामाला नव्हता. मोटारसायकल पुसणं हेच त्याचं काम. नागपूरच्या परीक्षेत बत्तीस जणांत सुचिता तिसरी आली होती. शिकवणाऱ्या सरांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं, की या बाईचा हात स्थिर आहे, हिच्या हातात मशीन द्यायला मला भीती वाटणार नाही. ते वाक्य ती घरी आणून कोणाला सांगणार होती? तिनं ते मनातच ठेवलं.

पहिल्या शेतावर तिनं सगळी तयारी केली, टाकीत औषध भरलं, पंखे तपासले, आणि रिमोट हातात घेणार एवढ्यात शालिकरामजी घसा खाकरून म्हणाले, "सुनबाई, चार माणसायच्या पुढं तू वावरात उभी राहून मशीन उडवशीन, ते बरं दिसते काय? हरीओम उडवीन. तू जवळ राह्य, त्याले सांगत जाय."

"मामाजी, परवाना माझ्या नावानं हाय."

"नाव तुयंच राहीन ना. नाव कोण घेऊन राह्यलं?"

किती उदार माणूस. नाव तेवढं तिला ठेवलं, बाकी सगळं काढून घेतलं. आणि हे जवळ उभं राहून सांगणंही चारच दिवस चाललं. पाचव्या दिवशी हरीओमनं मोबाईलवर दोन व्हिडिओ पाहिले आणि त्याला सगळं यायला लागलं.

पण सरकारला प्रत्येक फवारणीचा फोटो लागत होता, आणि फोटोत परवाना असलेली बाई रिमोट हातात घेऊन दिसायला पाहिजे होती. मग एक पद्धतच पडून गेली. हरीओम वहिनीला मोटारसायकलवर मागं बसवून शेतावर न्यायचा. ती पदर सारखा करून उभी राहायची. तो रिमोट तिच्या हातात द्यायचा, चार पावलं मागं सरायचा आणि म्हणायचा, "वैनी, वर आभायाकडं पाय. जराशी हास." फोटो निघाला की रिमोट परत. मग सुचिता धुऱ्यावरच्या, शेताच्या कडेच्या, झाडाखाली तीन दगड मांडून चहा ठेवायची, आणि ज्या मशीनसाठी ती पंधरा दिवस लेकराला सोडून राहिली होती, ते मशीन तिच्या डोक्यावरून घों घों करत जायचं. अशी एकवीस शेतं झाली.

त्या फोटोंच्या जोरावर आठ मार्चला तिचा सत्कारही झाला. मंडप, शाल, नारळ, आणि वक्त्यांची रीघ. एकानं तिला आकाशकन्या म्हटलं, दुसऱ्यानं नारीशक्ती. तिला स्वतःला दोन शब्द बोलायला सांगितलं तर हरीओमच पुढं झाला, वैनी लाजतात म्हणाला, आणि माईक हातात धरून त्यानं दहा मिनिटं ड्रोनची माहिती सांगितली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सुचिता लाजत नव्हती. तिच्या कानशिलाच्या शिरा ताडताड उडत होत्या, पण अंगावर शाल आणि हातात नारळ असलेल्या बाईला चिडायची सोय कुठं असते?

टपरीवर हरीओमला आता सगळे पायलट म्हणत. ये पायलट, बस पायलट, पायलटले एक कट चहा दे. आणि सुचिताला काय म्हणत असतील? पायलटची वैनी.

बाविसावं शेत इंद्रभानचं. जुलै महिना, सोयाबीन वीतभर, आणि तण त्याहून उंच. इंद्रभानला तणनाशक मारून हवं होतं. त्याच्या बांधाला लागूनच गोमतीबाईचा अर्धा एकर. त्यात वांगी, मेथी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर. गोमतीबाई तो भाजीपाला मालेगावच्या बाजारात स्वतः नेऊन विकायची. नवरा गेल्यापासून घर त्या अर्ध्या एकरावर चाललेलं. त्या दिवशी दुपारून वारा सुटला होता. बांधावरच्या निंबाच्या फांद्या गोमतीबाईच्या बाजूला वाकत होत्या.

"भाऊजी, आज नोको," सुचिता म्हणाली. "हवा तिकडची हाय. औषध उडून भाजीवर जाईन."

"इंद्रभानले टाइम देल्ला हाय मी."

"तणनाशक हाय ते. सोयाबीनले काई होत नाई, पण मेथी-सांभार जळून जाईन. सकाळी या, वारा पडला की मारू."

"वैनी," हरीओम रिमोटच्या पडद्यावरून नजर न काढता म्हणाला, "तू चहा पाय."

तिनं चहा पाहिला. हेच तिला नंतर सगळ्यात जास्त लागलं, की ती गेली आणि तिनं चहा पाहिला.

तिसऱ्या दिवशी गोमतीबाईच्या सांभाराची पानं करपली. मेथी माना टाकून बसली, वांग्याच्या पानांवर तपकिरी डाग पडले. गोमतीबाईनं गावात कोणाशी भांडण केलं नाही. तिनं करपलेला सांभार मुळासकट उपटला, पिशवीत घातला, एस.टी.त बसली आणि तालुक्याला, मालेगावच्या कृषी कचेरीत, जाऊन अर्ज देऊन आली. चौकशी लागली.

आणि मग काय चमत्कार झाला म्हणता. ज्या गावाला वर्षभर पायलट म्हणजे हरीओम एवढंच माहीत होतं, त्या गावाला रातोरात आठवलं, की पायलट तर सुचिता आहे. टपरीवर आठवलं, पारावर आठवलं, इंद्रभानला आठवलं. हरीओमला तर सगळ्यांच्या आधी आठवलं. "मी बॅटऱ्या बदलून देत होतो फक्त," तो म्हणाला. "परवाना वैनीचा, मशीन वैनीच्या गटाचं. मी कोण?" वर्षभर मिशीला पीळ भरत फिरलेला माणूस एका दिवसात बॅटरी बदलणारा गडी झाला. सत्काराच्या वेळी ज्या वैनीला त्यानं माईक दिला नव्हता, ती आता त्याच्या दर वाक्यात येत होती.

ऋषिकेश त्या दिवशी मालेगावहून लवकर आला. तो वाईट माणूस नव्हता. कधी हात उगारला नाही, कधी वेडंवाकडं बोलला नाही. अशी माणसं वेळेवर काय करतात, तेही तेव्हाच कळतं.

"साहेब कागद घेऊन येतीन उद्या," तो म्हणाला. "सही करून टाक. हवेचा अंदाज चुकला म्हणून सांगजो. जास्तीत जास्त तुया परवाना जाईन. हरीओमवर बिनापरवान्याची केस झाली तं त्याचं लग्न जुळते काय?"

"आन माझा परवाना गेला तं?"

"तुले त्याचं काय काम पडते? तू कुठं उडवतं?"

तो हे रागानं म्हणाला असता तर तिनं गिळलं असतं. त्यानं ते समजुतीच्या सुरात म्हटलं, जसं काही हिशेबाला ते अगदी बरोबर आहे. एक वर्ष तिला उडवू दिलं नाही, आणि आता तिनं उडवलं नाही हेच तिचा परवाना जायला कारण. तिच्या अंगाचा संताप संताप झाला. तिनं भाजीचा विळा बाजूला ठेवला, कारण हात थरथरायला लागले होते, आणि हा हात स्थिर आहे असं एका माणसानं म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशी तालुक्याचे साहेब जीप घेऊन आले ते सरळ गोमतीबाईच्या वावरात. बांधावर सगळे जमले. शालिकरामजी, हरीओम, ऋषिकेश, इंद्रभान, आणि एका बाजूला गटाच्या नऊ बाया, पुढं गटाची सचिव रूपाली. ड्रोन पेटीत घालून आणून ठेवला होता. गोमतीबाई करपलेल्या वाफ्यात उभी होती.

साहेबांनी आधीच टाइप करून आणलेला कागद काढला. वाचून दाखवला. चालक म्हणून सौ. सुचिता यांनी वाऱ्याचा अंदाज न घेता निष्काळजीपणे फवारणी केल्याने, वगैरे. खाली सहीची रेघ.

"हे मी केलं नाई," सुचिता म्हणाली. "त्या दिवशी उडवत हरीओम भाऊजी होते. मी नोको म्हणलं होतं."

साहेब हसले. त्यांनी मोबाईल पुढं धरला. "ताई, फोटोत तर तुम्हीच दिसता. रिमोट तुमच्या हातात. हे पाहा, हे पाहा, हेही पाहा. बावीस फोटो आहेत."

"पाहा ना साहेब, नीट पाहा," ती म्हणाली. "बाविसच्या बावीस फोटोत ड्रोन भुईवर हाय."

साहेबांनी बोटानं एकेक फोटो सरकवला. तिसऱ्या-चौथ्याला त्यांचं हसू गेलं. हरीओम चपलेनं ढेकूळ फोडायला लागला. शालिकरामजी पुढं आले, "सुनबाई, घरची गोष्ट घरात..."

"घरात सांगतली होती, मामाजी. घरात कोणी ऐकली?"

साहेब खालच्या आवाजात समजावायला लागले. "हे बघा ताई, परवाना नसलेल्यानं उडवलं असं तुम्ही लिहून दिलं, तर मला ड्रोन जमा करावा लागेल. तुमच्या गटाचं नुकसान आहे. तुमच्या दिराचंही. एका सहीनं सगळं मिटतं." काय सोपं असतं ना, सगळं मिटवणं. फक्त कोणाला मिटवायचं तेवढं ठरवायचं.

सुचितानं त्यांच्याकडून कोरा कागद मागून घेतला. जीपच्या बॉनेटवर ठेवून उभ्यानं लिहिलं, आणि लिहिलेलं सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं. त्या दिवशी उडवणारे माझे दीर हरीओम होते. वारा आहे म्हणून मी अडवलं, त्यांनी ऐकलं नाही. याआधीच्या एकवीस शेतांवरही मला उडवू दिलेलं नाही. परवाना माझा असताना मी रिमोट दुसऱ्याच्या हातात दिला, ही माझी चूक आहे, आणि तिची जी शिक्षा असेल ती मला द्यावी. दुसऱ्याच्या चुकीची मी घेणार नाही.

मग गोमतीबाई वाफ्यातून बाहेर आली. आता ही शाबासकी देईल असं सुचिताला क्षणभर वाटलं असावं, पण गोमतीबाईचं अर्ध्या एकराचं पीक मेलं होतं आणि तिच्याजवळ शाबासकी नव्हती.

"एकवीस येळा रिमोट देल्ला तू," ती म्हणाली. "पयल्या येळेस काहून नाई बोलली वं? माहा सांभार तं वाचला असता."

सुचितानं मान हलवली, कारण ते खरं होतं. मग तिनं कागदावर सही केली आणि साहेबांकडे दिला.

साहेबांनी ड्रोनची पेटी जीपमध्ये चढवून घेतली. हरीओमचा नाव-पत्ता लिहून घेतला. शालिकरामजी सुनेकडे न बघता गावाच्या वाटेला लागले. ऋषिकेश थोडा वेळ घुटमळला. मग तोही बापाच्या मागं गेला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच सुचिता शेतावरून मोटारसायकलशिवाय घरी जाणार होती, आणि तिथं तिच्यासाठी दार कसं उघडेल ते तिला ठाऊक नव्हतं.

जीप बांधावरून हलली तशी रूपालीच्या डोळ्यांत पाणी आलं. "गेला वं सुचिता," ती म्हणाली. "आपला ड्रोन गेला."

"आपला होता कवा?" सुचिता म्हणाली.

त्या मशीनला नऊ बायांतल्या एकीनंही आजवर हात लावला नव्हता. कोणाच्या शेतात कधी न्यायचं, हे एकीनंही ठरवलं नव्हतं. त्यांनी फक्त रजिस्टरवर सह्या केल्या होत्या, आणि मिरवणुकीच्या दिवशी धूळ खाल्ली होती. जीप मेडशीच्या रस्त्याला लागेपर्यंत त्या तिच्याकडे बघत होत्या.

मग रूपालीनं पदरानं तोंड पुसलं. आवाज अजून ओलाच होता, पण त्यात आता चीड होती.

"मालेगावले सकाळची पयली एस.टी. किती वाजता हाय?" तिनं विचारलं. "दहाच्या दहा जणी जाऊ, साहेबाले ड्रोन आपल्या हातात मागू."