मोटेच्या कातड्याचं अस्तर

कडूबाच्या लारीला कुणी हात लावला तर तो रागवायचा, पण मडगार्डाला हात लावला तर मारायचाच. जालन्याच्या कापसाच्या जिनाच्या आवारात बद्रीनाथ नावाच्या दुसऱ्या ड्रायव्हरनं एकदा थट्टा म्हणून त्याच्या मडगार्डात पहार घातली आणि आतलं कातड्याचं अस्तर उकरलं. कडूबानं इंजिन फिरवायचा लोखंडी दांडा उचलला आणि बद्रीनाथचा खांदाच मोडला. तो बिचारा धुळीत लोळत होता, आणि हा गुडघ्यावर बसून पहारीचा ओरखडा कुठं उमटला ते बोटांनी चाचपत होता. माणसाचं हाड सांधतं, फाटलेलं कातडं सांधत नाही, असं वर सगळ्यांना ऐकवलं. असा हा माणूस.

आता मडगार्ड म्हणजे काय, तर चाकावरची पत्र्याची कमान. तिच्यात एवढं जीव टाकण्यासारखं काय आहे, असं ज्याला वाटतं त्यानं श्रावणात आमच्या काळ्या रानातून लारी हाकून बघावी. चिखल चाकाबरोबर वर चढतो, कमानीच्या पोकळीत जाऊन बसतो, थरावर थर चढतो, आणि शेवटी चाक असं आवळून धरतो की इंजिन बोंबलून मरतं पण चाक फिरत नाही. म्हणून पावसाळ्यात लाऱ्या जिनात उभ्या राहायच्या आणि ड्रायव्हर लोक पत्ते कुटायचे.

कडूबा मात्र कुणब्याचा पोर होता. लहानपणी बापाच्या विहिरीवर त्यानं मोट हाकली होती, आणि तेल प्यालेल्या मोटेच्या कातड्याला चिखल धरत नाही हे त्याला ठाऊक होतं. त्यानं जुन्या मोटा गोळा केल्या, चांभारी रापीनं कापल्या, आणि चारी मडगार्डांना आतून झोळीसारखं सैलसर अस्तर लावलं. गाडी हलली की झोळी हलायची आणि चिखल आपोआप खाली गळायचा. कातड्याला करडीचं तेल, पत्र्याला लाल रंग, कडेला पितळी पट्टी आणि तिच्यात तांब्याचे रिबीट. लारी उभी असली की येणारा जाणारा बघत राहायचा, आणि बघणाऱ्याकडं कडूबा बघत राहायचा.

त्याला बायको नव्हती. आई गेल्यावर थोरल्या बहिणीनं, तुळजाबाईनं, त्याला वाढवलं होतं. ती केदारखेड्याला दिली होती, नवरा वारला तरी तिथंच राहत होती. माझ्या भावाचं चार मडगार्डांशी लग्न लागलंय, नांदायला एकही येत नाही, असं ती म्हणायची. जगात कडूबा कुणाचं ऐकायचा तर हिचं, आणि कुणासाठी जीव टाकायचा तर हिच्यासाठी.

अठ्ठेचाळीस सालचा तो श्रावण. निजामाच्या राज्यात कुणाचा पायपोस कुणाच्या पायात राहिला नव्हता. रामराव गुत्तेदार शिंदीच्या दारूचा ठेका म्हणजे गुत्ता घेणारा माणूस, पण दिवस फिरले तसा त्यानं बंदुकवाले पाळले आणि गावोगावची धान्याची पेवं फोडायला लागला. जो आडवा आला त्याला तोडला. उन्हाळ्यात त्यानं रस्त्याकडेची गावं नागवली. मग पाऊस लागला आणि आतल्या गावांनी सुटकेचा निःश्वास टाकला, कारण चिखलातून कोण येतंय?

रामरावला कुणीतरी कडूबाच्या लारीची गोष्ट सांगितली. तो जिनात आला, जिनाचा आणि लारीचा मालक भागचंद शेठ, त्याला त्याच्याच गादीवर जोड्यानं तोंड फुटेस्तोवर हाणलं, आणि लारी माझी म्हणाला. कडूबा दांडा घेऊन उभाच होता. पण रामराव बेरकी. तो मडगार्डापाशी वाकला, हात आत घालून कातडं चाचपलं आणि वाहवा म्हणाला. असं काम हैदराबादेतही बघितलं नाही म्हणाला. चिखलात कुठवर जाईल, असं त्यानं विचारलं.

"तुम्ही गाव सांगा मालक," कडूबा फुगून म्हणाला, "दारात उभी करतो."

मालकाचं फुटलेलं तोंड समोर दिसत असताना हा फुगला. स्तुतीला भुललेल्या माणसाएवढं आंधळं जनावर नाही.

पहिलं गाव लिंबाची वाडी. पावसाची झिमझिम चालू होती. लारीचा आवाज ऐकून कुणी पळालं नाही, उलट भर श्रावणात लारी आली तरी कशी, हे बघायला माणसं चिखलातून पुढं आली. गोजरबाई नावाची म्हातारी तर मडगार्डाजवळ येऊन पितळी पट्टीवरनं हात फिरवत उभी राहिली, आणि कडूबाला बरं वाटलं. तेवढ्यात मागनं बंदुकवाले उतरले.

पेव कुठं आहे ते म्हातारीनं सांगितलं नाही. एकानं तिचे केस धरले आणि तिचं डोकं त्याच पट्टीवर आपटलं. पुन्हा आपटलं. ती गप्प झाल्यावरही आपटत राहिला. तिचा मुलगा कचरू धावून आला तर त्याच्या पाठीवर तलवार बसली. रक्ताळलेला तो बाजरीत शिरला आणि दिसेनासा झाला. मग वाडी पेटली. कडूबा चाक धरून बसून राहिला. त्याच्या मानेला बंदूक लागलेली होती हे खरं आहे. इंजिन त्यानं बंद होऊ दिलं नाही हेही खरं आहे.

जालन्याला परतल्यावर त्यानं मडगार्ड धुतलं. पितळी पट्टीत केस अडकले होते, ते काढले. पट्टी वाकली होती, ती ठोकून सरळ केली. कातड्याला तेल पाजलं. मी नुसतं चाक धरलं होतं, असं तो स्वतःला सांगत होता, आणि लाज वाटावी अशी गोष्ट म्हणजे त्याला जास्त राग पट्टी वाकल्याचाच आला होता.

मग रामरावनं सांगितलं, की आता केदारखेडा.

ते तर कडूबाच्या बहिणीचं गाव. वाट वाईट आहे, ओढ्याला पाणी आहे, असं तो परोपरीनं सांगू लागला. रामराव हसला. दारात उभी करतो हे तुझेच बोल, म्हणाला, आणि बंदूकवाला त्याच्या शेजारी बसवला.

वाटेत कडूबानं लारी मुद्दाम खोल चिखलात घातली. ती बाहेर आली. ओढ्याच्या दरडीत घातली, तिथूनही आली. चारी मडगार्डांतून चिखल भदाभदा खाली पडत होता आणि चाकं मोकळी फिरत होती. आपल्या हातच्या कामाला माणसानं इतक्या शिव्या कधी दिल्या नसतील.

केदारखेड्याची झाडं दिसायला लागली तसा तो थांबला. मागलं चाक घासतंय, असं सांगून उतरला आणि रापी घेऊन लारीखाली शिरला. बंदूकवाला पावसाकडं पाठ करून विडी पेटवत होता. कडूबानं मागल्या दोन्ही मडगार्डांच्या अस्तराची पुढची कड कापली. तेल पाजून मऊ केलेलं कातडं लोण्यासारखं कापलं गेलं. मग तो चढला आणि गाडी सोडली.

थोडं अंतर गेलं. लोंबणारं कातडं चाकानं आत ओढलं, चिखलासकट गुंडाळून घेतलं, आणि लारी धाडकन बसली. इंजिन किंचाळून मेलं. रामराव उतरला, वाकून बघितलं, आणि कापलेली सरळ कड त्याला दिसली. त्यानं कडूबाला ओढून खाली पाडलं. बंदुकीच्या दस्त्यानं आधी जबडा फोडला, मग रापी धरलेला हात चाकाला टेकवून ठेचला, मग गुडघे. कडूबा गुरासारखा ओरडत होता.

गोळी घालायला रामरावनं बंदूक उलटी फिरवली, तोच गोफणीचा धोंडा त्याच्या कानशिलात बसला. बाजरीतून माणसं उठली. वाडीचे वाचलेले लोक केदारखेड्यात आले होते आणि गाव रोज वाटेवर डोळा ठेवून होतं. बंदुकवाले गुडघाभर चिखलात रुतलेले, बंदुका भिजलेल्या. कुऱ्हाडी, विळे, धोंडे. रामरावच्या मानेत कचरूची कुऱ्हाड बसली आणि त्याचं मुंडकं एका बाजूला लोंबलं. बाकीचे पळताना पडले, आणि पडले तिथंच तोडले गेले. दया कुणी दाखवली नाही, मागितली पुष्कळांनी.

मग लारीखाली सरपटत शिरलेल्या कडूबाला बाहेर ओढलं.

"लाल मडगार्ड लांबूनच वळखलं म्या," कचरू म्हणाला. "ह्योच वाडीवर आल्ता."

विळे वर गेले. तेवढ्यात माणसांना ढकलत तुळजाबाई आली. हा माझा भाऊ आहे, म्हणाली, आणि हात थांबले. ती चिखलात बसली, त्याचं डोकं मांडीवर घेतलं, पदरानं तोंडावरचं रक्त पुसू लागली. फुटलेल्या जबड्यानंही कडूबा हसल्यासारखं करत होता. आता तो सुटला होता.

"आक्का, कातडं म्याच कापलं," तो म्हणाला. "गाव वाचावं म्हणून."

तिनं मागल्या चाकाकडं बघितलं. कातडं तिथं गुंडाळलेलं होतं. भाऊ खोटं बोलत नाही हे तिला पटलं, आणि लोकांनाही पटलं. कुणी कुणी विळे खाली घेतले. कचरू मात्र हलला नाही. त्याच्या पाठीची जखम उलली होती आणि रक्त पायापर्यंत आलं होतं. तुळजाबाई त्याच्याकडं बराच वेळ बघत राहिली.

"मंग वाडीला जाताना का न्हाई कापलंस?" तिनं विचारलं.

कडूबा तिच्याशी आजवर खोटं बोलला नव्हता.

"तिथं तू नव्हतीस, आक्का."

तुळजाबाईचा हात थांबला. तिला रडू फुटलं, आणि ते तिनं आवरलंही नाही.

"तिथं कुणाचीच बहीण न्हवती का रे?"

तिनं त्याचं डोकं मांडीवरून उचललं, हळूच चिखलावर ठेवलं आणि उठली. भाऊ माझा आहे, पण आई तुझी गेली, एवढंच ती कचरूला म्हणाली, आणि गावाकडं चालू लागली. कडूबानं दोनदा आक्का म्हणून हाक मारली. कचरूनं चिखलातून कुऱ्हाड उपसली, तेव्हा ती जागच्या जागी थांबली, पण मागं वळली नाही.