घोट्यावरचा पट्टा

डावा घोटा दुखायला लागून सहा दिवस झाले होते आणि ते फक्त मला माहीत होतं. निदान मी तसं समजत होते.

चूक माझीच. आमच्या खेळात गुडघ्यापासून खाली स्प्रिंगचे लांब पाय बांधून उड्या मारायच्या असतात. ते बांधण्याआधी घोट्याच्या वर येणारे कडक बूट घालायचे, हा खेळ शिकवणाऱ्या मास्तरचा पहिल्या दिवसापासूनचा नियम. माझ्या एका बुटाचा तळ सुटला, तो दुरुस्तीला गेला आणि मी आठवडाभर साधे कापडी बूट घालून उड्या मारल्या. एकदा खाली येताना पाऊल बुटातल्या बुटात कलंडलं. बारीकशी कळ आली. घरी पोचेपर्यंत घोट्याचं हाड दिसेनासं झालं होतं.

कडक बूट परत आले, पण घोटा परत आला नाही. मग मी अक्कल चालवली. पाऊल हलतं म्हणून दुखतं, तर ते हलूच द्यायचं नाही. मी घोट्यावरचा पट्टा रोज थोडा जास्त आवळायला लागले. खरं तर मास्तर रोज ओरडून सांगायचा, "पट्ट्याने घोटा वाचत नाही! घोटा बूट सांभाळतो, भार गुडघ्याभोवतीची लोखंडी कडी घेते. पट्ट्याखाली दोन बोटं गेलीच पाहिजेत." हे आम्हाला इतकं पाठ होतं की तो बोलायला लागला की आम्ही मागून त्याच्या नकला करायचो. नकला करणं सोपं असतं.

मग सांगून का टाकलं नाही? कारण मास्तरचा दुसरा नियम. ज्याचा पाय दुखेल, त्याने खाली झोपायचं.

खेळाच्या शेवटी एकजण गादीवर उताणं झोपतं आणि दुसरं धावत येऊन त्याच्यावरून उडी घेतं. आमच्या घरातली ही जोडी म्हणजे मी आणि माझी नणंद. वजन दोघींचं सारखं आणि उड्या दोघींना येतात, त्यामुळे स्प्रिंगचे पायही दोघींत एकच. मी वरून, ती खालून. दोन वर्षांपूर्वी सरावात मला एकदा खाली झोपवलं होतं. डोळे मिटून घ्यायचे असतात, नाहीतर माणूस दचकतं. मी मिटले. मग जमिनीतून पाठीला ते धप् धप् जाणवायला लागलं, जवळ येणारं, आणि माझी पाचावर धारण बसली. मी लोळून उठले आणि पळाले. उडी घेणारा कसाबसा वाचला. मी बाथरूमची कडी लावून अर्धा तास आत बसून होते. सगळे हसले, मीही नंतर हसले, पण त्यानंतर त्या गादीवर मी पाठ टेकली नाही. मला त्या गादीची भीती वाटते. अजूनही वाटते.

म्हणून मी घोटा लपवला आणि त्या घोट्याखाली नणंदेला झोपवत राहिले. हे असं सरळ लिहिलं की किती घाण दिसतं.

सातव्या दिवशी चारचा खेळ होता. कपडे बदलायच्या खोलीत मी बाकावर बसले आणि नणंद माझ्यापुढे गुडघे टेकून पट्टे बांधायला लागली. ही आमच्याकडची पद्धत. ज्याच्या अंगावरून उडी जायची, त्यानेच पट्टे बांधायचे, कारण जीव त्याचा असतो. गुडघ्याची कडी झाली. घोट्याचा पट्टा तिने ओढला आणि खालून दोन बोटं घातली.

"अजून आवळ," मी म्हणाले.

"वहिनी, बोटं जायला पाहिजेत."

"एक गेलं तरी पुरे. आज जरा ढिलं वाटतंय."

तिने आवळला. मग तिचा हात घोट्यावर तसाच थांबला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही.

"दुखत नाही ना?" तिने वर न बघता विचारलं.

"मला दुखणं एकच आहे, तुझा भाऊ. घोट्याला काय धाड भरलीय?"

ती हसली. तिने पट्ट्याचं टोक आत खोचलं आणि मला हात देऊन उभं केलं.

या पायांवर एका जागी थांबता येत नाही. थांबलात की आपटलात. म्हणून मी पडद्यामागे पावलं टाकत राहिले आणि तेव्हाच लक्षात आलं की घोटा दुखत नाहीये. एक क्षण बरं वाटलं. मग कळलं की घोटाच नाहीये. घट्ट पट्ट्याने पाऊल बधिर झालं होतं. बोटं हलवून बघितली, ती हलली की नाही तेही समजेना.

बाहेर माझं नाव पुकारलं. टाळ्या वाजल्या. आणि मी, मूर्ख बाई, गेले.

लहान उड्या निभावल्या. मग नणंद जाऊन गादीवर झोपली. पिवळा झगा, छातीवर हात, डोळे मिटलेले. प्रेक्षकांतली पोरं मोठमोठ्याने आकडे मोजायला लागली. मी धावत सुटले. उजवा पाय जमिनीला लागलेला कळत होता, डावा कळतच नव्हता. जिना उतरताना एक पायरी कमी निघावी तसं दर दुसऱ्या पावलाला होत होतं. उडी डाव्यावरूनच घ्यायची होती. तो कलंडला, तर मी सगळ्या वजनानिशी, स्प्रिंगसकट, तिच्या तोंडावर पडणार होते. तिचं तोंड आता स्पष्ट दिसत होतं. पापणीसुद्धा हलत नव्हती.

दोन पावलं राहिली तेव्हा मी अंग उजवीकडे फेकलं. खांदा आपटला, मग डोकं, आणि डावा पाय कुठेतरी मागे मुरगळला. त्याचा आवाज मला ऐकू आला. लोकांना वाटलं गंमतच आहे, त्यांनी आणखी टाळ्या वाजवल्या.

नणंद धावत आली. तिने आधी पट्टा सोडला. रक्त पावलात परत आलं तशी मी किंचाळले. बूट काढून मोजा खाली केला तर घोटा काळानिळा झालेला.

"हे आजचं नाही," मी रडत म्हणाले. "सहा दिवस झालेत. मी खोटं बोलले तुझ्याशी."

"माहितीये. सहाही दिवस पट्टे मीच बांधलेत ना? सुजेने फाकलेला बूट हाताला लागत होता."

"मग मास्तरला का नाही सांगितलंस? झोपलीस कशाला खाली?"

ती माझा पाय मांडीवर घेऊन बसली होती.

"सांगितलं असतं तर तुला झोपायला लागलं असतं," ती म्हणाली. "तुला ते जमत नाही. मला निदान जमतं."

मास्तर बर्फ घेऊन आला आणि घोटा बघून खालीच बसला. महिनाभर उडी नाही, म्हणाला.

"खाली झोपायला घोटा लागत नाही," मी म्हणाले. "वरून ही येईल." एवढं बोलेपर्यंत माझे दात वाजायला लागले होते. नणंदेने माझा हात धरला, आणि मी तो सोडवून घेतला नाही.