ध्रुवाची जागा

खुशालने बाबांच्या फेट्याचे टोक खोचले आणि हात मागे घेतला. एरवी यादोराव आरशात बघून मान डोलावत. आज त्यांनी नुसत्या चिपळ्या उचलल्या आणि पायरी उतरता उतरता विचारले,

"झांज घेतली का?"

"घेतली, बाबा."

दिवसभरातले बापलेकाचे बोलणे एवढेच.

मिसरूड फुटायच्या आधीपासून खुशाल कीर्तनात बाबांच्या मागे उभा राही. बाबा पद सोडत, तो धृपद उचली. नागपूरला एम.एस्सी. करायला गेला तरी रामनवमीच्या सप्त्याला केशोरीत हजर. यंदा मात्र तो एक गोष्ट घेऊन आला होता. दक्षिणेत डोंगरावरच्या वेधशाळेत त्याला संशोधनासाठी बोलावले होते. ताऱ्याचा उजेड लोलकातून फोडायचा आणि त्या ताऱ्यात काय जळते आहे ते ओळखायचे, असे काम. चार-पाच वर्षे तरी जाणार. बाबांनी ऐकून घेतले आणि "पाहू" म्हणाले. होकार कळवायची वेळ उद्यावर आली, तरी ते 'पाहू' पुढे सरकले नव्हते. बाबांच्या तोंडून हो आल्याशिवाय घराबाहेर पाय टाकायचा नाही, हे खुशालने मनाशी धरले होते.

त्यात काल जिभेने घात केला. देवळाच्या ओट्यावर पेटीवाल्या भैय्यालालने विचारले, "क्यों पंडितजी, आपला ध्रुव कितीक दूर असन?" आणि खुशालला राहवले नाही.

"दूर तर हायेच काका, पण अढळ नाही. पृथ्वी भोवऱ्यासारखी डुलते. ध्रुव सरकून राहिला. बारा हजार वर्षांनी त्या जागी अभिजित तारा येईल."

दिवे लागायच्या आत गावभर झाले, यादो महाराजाच्या पोराने ध्रुवाला खाली उतरवले. आणि यादोरावांचे ध्रुवाख्यान ऐकायला तर अर्जुनीहून बैलगाड्या येत. आज तेच होते.

"काऊन बोललास रे?" वाटेत माय, देवकाबाई, हळूच म्हणाली. "जीभ चावता येत नव्हती?"

"खरं हाये ते, माय."

"खरं हाये म्हणून बापाच्या सप्त्यात सांगाचं?"

मांडव भरला होता. पूर्वरंग झाला, बुक्का लागला, हार पडला. यादोराव आख्यानात शिरले. बापाच्या मांडीवरून सावत्र आईने उठवलेले पोर रडत रानात निघाले, तशा बायकांच्या बाजूला पदर डोळ्यांशी गेले. देव प्रसन्न झाला. "बाळा, तुले अढळपद देल्लं," असे म्हणून यादोराव थांबले. पेटीचा सूर एकटाच राहिला. ते वळले आणि त्यांनी खुशालकडे पाहिले. झांजेची दोरी त्याच्या बोटात रुतली.

"मंडळी, माझा पोरगा सांगून राहिला, ध्रुव सरकते."

मांडवात कुजबुज झाली. मागून आवाज आला, "शाळा जास्त झाली, महाराज!"

"थांब बे रामलाल. मले बी तसंच वाटलं. लय राग आला. मंग पद गुणगुणून पाहिलं." यादोरावांनी चिपळ्या छातीशी धरल्या. "देवानं काय देल्लं त्याले? अढळपद. पद म्हणजे जागा, बापा! जागा ढळत नाही. बसणारा उठते, दुसरा येऊन बसते. इतकी वर्षं तोंडानं हेच म्हणून राहिलो, अन् कान नव्हते मले."

"वाह, महाराज!" भैय्यालालने पेटीवर थाप मारली.

खुशालने मांडवाच्या कडेने उत्तरेकडे पाहिले. पिंपळाच्या शेंड्याजवळ ध्रुव लुकलुकत होता. केशोरीतून बघणाऱ्याला बाबांचे बोलणे अक्षरशः खरे होते. शेंड्याजवळची ती जागा तिथेच राहणार होती. येणारे-जाणारे काय ते तारे.

यादोरावांनी पद धरले. आवाज चढत गेला. धृपद आले तशी खुशालने सवयीने झांज उचलली. मागे न बघताच बाबांनी पंजा वर केला. तो थांबला.

"देवका," यादोराव बायकांच्या बाजूला वळून म्हणाले, "धर धृपद."

देवकाबाईंनी पदर डोक्यावर ओढला. चुलीपुढे बसून आयुष्यभर ऐकलेली ओळ त्यांच्या ओठांवर आली, आधी कापत, मग खणखणीत. शेजारच्या रुख्माबाईंनी साथ दिली, मग सगळ्याच बायकांनी.

खुशाल बाबांच्या मागे झांज धरून उभा होता. ओळ सम गाठून थांबली. यादोराव पुढचे पद शोधत होते, तेवढ्यात माय उठून त्याच्यापाशी आली आणि तिने हात पुढे केला.

"आन ते झांज इकडं," ती म्हणाली. "तिकडं पहाडावर कायले लागते तुले?"