लाडकीच्या रक्ताचा आकडा

पालघरच्या एका दवाखान्यात रक्त तपासणारा नरहरी नोकरीत अजून कच्चा होता, पण आपल्या काचेच्या नळ्यांवर त्याचा पक्का भरवसा. नळीत रक्त भरून उभं ठेवायचं आणि तासाने बघायचं. तांबडं जितकं खाली बसेल, तितका अंगात दाह जास्त.

लाडकीचं रक्त पहिल्या दिवशी पंचाण्णव मिलिमीटर बसलं होतं. नऊ वर्षांची पोर. सांध्यांचा ताप तिच्या हृदयात उतरला होता. तिचा बाप जिवल्या तारापूरला अणुवीज केंद्राच्या बांधकामावर खडी वाहायचा. सुटीच्या दिवशी बोईसरहून येऊन तो नरहरीच्या दाराशी उभा राहायचा.

"सायेब, आकडा उतरला का?"

"अजून नाही. तिला खाटेवरून उठू देऊ नकोस."

"नाय उठत. दम देऊन ठेवलाय."

दोन महिन्यांत आकडा जेमतेम पंच्याऐंशीवर आला होता. मग एका सोमवारी तांबडं बाराच मिलिमीटर बसलं. नरहरी कागद घेऊन धावतच वॉर्डात गेला.

नर्स काशीबाई लाडकीला उशांना टेकवून बसवत होती. "आकडा राहू द्या. हिचे पाय बघा, बोट दाबलं की खळगा पडतो. आडवं केलं की घुसमटते."

"बाई, रक्त खोटं बोलत नाही."

डॉक्टरांनी कागद पाहिला, पाय पाहिले नाहीत. खाटेसाठी बाहेर माणसं ताटकळली होती; लाडकीला घरी सोडायचं ठरलं. निरोप मिळून आलेल्या जिवल्याने लेकीला खांद्यावर घेतलं.

"सायेब, आता धावली तर चालंल?"

"धावू दे की!"

गुरुवारी मुंबईचे मोठे डॉक्टर महिन्याच्या फेरीला आले. नरहरीची आकड्यांची वही चाळताना लाडकीच्या नावापाशी त्यांचं बोट थांबलं.

"पंच्याऐंशीवरून आठवड्यात बारा? अरे, हृदय पार थकलं की यकृत सुजतं, मग रक्त खाली बसेनासं होतं. ही बरं होण्याची खूण नव्हे. पोरगी कुठाय?"

"घरी, सर."

"आजच माणूस पाठवून परत आणा."

नरहरी हो म्हणाला. पण माणूस पाठवला की सगळ्या दवाखान्यात बोभाटा होणार, काशीबाई सुनावणार, नोकरी जाणार. उद्या बघू, असं त्याने ठरवलं. दुसऱ्या दिवशी मोठे डॉक्टर मुंबईला होते. कुणी विचारलं नाही, त्याने पाठवला नाही.

पुढच्या आठवड्यात जिवल्या आला. लेक बरोबर नव्हती.

"लाडकी गेली, सायेब. ती नको नको बोलत होती. मीच बोललो, आकडा उतरलाय, ऊठ, धाव. चार पावलं धावली नि पडली." त्याने वर पाहिलं. "तुमी बोलला होता ना, धावू दे?"

"हळूहळू म्हणालो होतो मी. पोर नको म्हणत होती, तर उठवलीस कशाला?"

जिवल्याने मान हलवली.

"खरं हाय, सायेब," तो म्हणाला आणि हात जोडून बाहेर गेला.

फाटकापाशी त्याची बायको बसली होती. तो तिच्यासमोर उकिडवा बसून, स्वतःच्या छातीवर हात ठेवून काहीतरी बोलला. मग ती दोन्ही हातांनी त्याच्या डोक्यात, तोंडावर मारत सुटली. जिवल्याने एकदाही हात वर केला नाही. नरहरीने खिडकी लावून घेतली.