बदनाम सीडी ड्राइव्ह

मी सीडी ड्राइव्ह बोलतोय. उदगीरच्या माणिकप्पांच्या फोटो स्टुडिओत, कोपऱ्यात, मोडक्या ट्रायपॉडशेजारी पडलोय तो मीच. ऐन वेळेला दगा दिला म्हणून माझी बदनामी झाली आहे. आधी ऐकून तर घ्या.

कारखान्यात जन्मलो, हैदराबादेत विकला गेलो आणि माणिकप्पांच्या कंप्युटरात येऊन बसलो. बसलो कसला! चार स्क्रूच्या जागी दोनच, तेही एकाच अंगाला. "चलतंय की," माणिकप्पा म्हणाले. माणसांचं हे असंच, चालतंय तोवर कुणी ढुंकून बघत नाही. तरी मी इमानानं राबलो. किती जोडप्यांवर अक्षता पडताना पाहिल्या, किती जणींचे उखाणे ऐकले. मग पेन ड्राइव्ह आले आणि मला कुत्रंही विचारेना.

तो दुष्काळाचा उन्हाळा होता. नळ कोरडे, टँकरपाशी भांडणं, आणि चहाच्या हॉटेलात चर्चा कसली, तर उदगीर जिल्हा कधी होणार! अशाच एका दुपारी पार्वतम्मा आल्या, पाच वर्षांच्या नातीचं बोट धरून. त्यांची लेक शिवगंगा बाळंतपणात गेली ती ही पोर मागे ठेवून. जावयानं दुसरं लग्न केलं, आणि त्या घरात शिवगंगाचा फोटोही उरला नाही. सुट्टीला आलेल्या पोरीला न्यायला तिचा बाप संध्याकाळी येणार होता. त्याआधी एकदा तिला आई दाखवायची, आईचा आवाज ऐकवायचा, एवढंच त्यांना हवं होतं. लग्नाची एकुलती एक सीडी त्यांनी आणली होती. स्टुडिओतलं मूळ चित्रण माणिकप्पांनी केव्हाच पुसून त्यावर दुसरी लग्नं भरली होती.

माणिकप्पांनी माझं बटण दाबलं, तर मी आख्खाच मागे सरकलो. कंप्युटरला मी दिसेना. त्यांनी पत्रा उघडला, धूळ फुंकली, निसटलेली वायर घट्ट खोचली आणि धुंडाळून चारही स्क्रू आवळले. पडद्यावर माझं नाव उमटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ताठ बसलो होतो. म्हटलं, आता बघाच.

सीडी आत आली. मी फिरवली, डोळा लावला, पण ओरखड्यांशिवाय काही दिसेना. पुन्हा फिरवली. घरघर करून जीव काढला, पण शिवगंगा सापडेना. माणिकप्पांनी पडदा स्वतःकडे वळवला, आवाज बंद केला आणि दुसऱ्याच लग्नाची सीडी घालून पाहिली. ती झटक्यात लागली. मग पार्वतम्मांची सीडी उजेडात धरून त्यांनी विचारलं, ही ठेवता कुठं?

"देवघरात. लिंगाची पूजा झाली की रोज इभूत लावते तिला. चमकत्या अंगानंच लावते, पोरगी त्याच अंगाला हाय न्हवं? दोन सालं झाली पाणी न्हाई, म्हणून कोरडीच पुसते पदरानं."

जी बाजू मी वाचतो, तीच त्यांनी रोज राख लावून घासली होती. आईनं मायेनंच लेक पुसून टाकली होती. फार वाईट वाटलं हो मला.

माणिकप्पांनी सीडी अलगद त्यांच्या हातात परत दिली. मग म्हणाले, "मशीन गेलंय, आक्का. शिवगंगा आत हाय तशी हाय."

आणि पार्वतम्मांसमोरच, नुकतेच आवळलेले स्क्रू सोडवून त्यांनी मला बाहेर ओढलं. पोरीनं मला एक चापट मारली. लातूरला नेऊन बघू का, असं पार्वतम्मांनी विचारलं, तर माणिकप्पा म्हणाले, दुसऱ्याच्या हातात देऊ नका, नवं मशीन आलं की मीच निरोप धाडतो. पार्वतम्मांनी सीडी छातीशी धरली आणि नातीला घेऊन उन्हातून निघून गेल्या. पोर आईचा आवाज न ऐकताच बापाबरोबर गेली.

उदगीर काही जिल्हा झालं नाही. माणिकप्पांनी नवा ड्राइव्हही घेतला नाही. बाजारच्या दिवशी पार्वतम्मा दारातूनच विचारतात, मशीन आलं का? ते मान हलवतात. मग दोघं मिळून मला नावं ठेवतात. ठेवू द्या. सीडीला रोज इभूत लागते आहे, आणि आपली लेक आत सुखरूप आहे या भरवशावर म्हातारीचा दिवस निघतो आहे.

माझं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. मी चांगला आहे, हे तेवढं पार्वतम्मांना कळू देऊ नका.