दगडांखालचा पत्रा

मी एक जुना पत्रा आहे. नेरजवळच्या बंजारा तांड्यावर रुपीबाईच्या घराचं छप्पर. मित्रांनो…

थांबा. तुम्ही खालीच आहात ना? वर चढला असाल तर आधी सांगा. मी कुणाच्याही पावलांवर भरवसा ठेवत नाही.

जन्म: कारखान्यात. मला दाबून नागमोडी केलं. सपाट पत्रा वाकतो, नागमोडी ताठ राहतो, असं म्हणतात. म्हणतात.

काम: ऊन अडवणं, पाऊस अडवणं. रुपीबाईचा नवरा हिरासिंग कौतुकानं म्हणायचा, "लई मजबूत टिन हाय." पण त्यानं मला बोल्टनं आवळलं नाही. इथल्या रीतीप्रमाणे नाल्यातले मोठे दगड आणून माझ्या पाठीवर ठेवले. हिरासिंग वारला. दगड राहिले.

संशय: रुपीबाईला अंगणातल्या कडुनिंबाचा.

"पाह्य कसा डुलून राह्यला! पडते एखाद्या दिवशी टिनावर. नेमसिंग, तोडून टाक त्याले!"

नेमसिंग, तिचा मुलगा, कुऱ्हाड शोधायचा. सापडायची नाही. त्याच्या बायकोनं, संगीतानं, ती लपवली होती. सासूला ती याडी म्हणते, म्हणजे आई.

"याडी, निंब डुलते म्हणून तं टिकते. मले या दगडाचंच भेव वाटते. तुमची खाट त्याच्या खालून काढून भिंतीपाशी घ्या."

"काहून? आज भिंतीपाशी, उद्या मले ओसरीत काढशील! तुह्या सासऱ्यानं ठेवले ते. हालतात तरी का?"

हालत होते. दर वादळात थोडे. मलाच कळायचं.

वैशाखातली दुपार. आभाळ काळं.

वारा.

लोकांना वाटतं, वारा छपराला खाली दाबतो. खोटं. माझ्यावरून धावताना तो मला वर ओढतो, आणि दारातून शिरलेला खालून ढकलतो. मी उचलला गेलो. एक कड. दुसरी. दगड घरंगळला, फटीतून आत पडला…

खाटेवर. खाटेचे दोन तुकडे.

रुपीबाई खाटेवर नव्हती. ती दारात उभी होती. निंब पडतो का, यावर पाळत ठेवून.

निंब झुकला. सरळ झाला. पुन्हा झुकला. त्याच्या बारक्या पानांतून वारा निसटून जात होता. मुळं लांबवर पसरून माती धरून होती. एक फांदी गेली, झाड उभं.

रुपीबाई मागं वळली. खाट पाहिली. म्हणाली, "नेमसिंग, बोल्ट आण."

नेमसिंगनं मला लाकडांना आवळलं, लाकडं भिंतीला. ती खालून ओरडत होती, "अजून आवळ! मले भरोसा नाही!"

मित्रांनो, हेच शहाणपण. बोल्ट गंजतात. पावसाळ्याआधी घरातल्या मोठ्यांना मला हलवून पाहायला सांगा. जिथं खडखडेन, तिथं आवळायला लावा.

आणि छपरावर दगड दिसला, तर त्याच्याखाली झोपू नका.